एक चाळीसचा फोटो

महाड, ११ जानेवारी

अनुपमा,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. तो कागद फाडला आणि हा नवा घेतला. तू माझा नंबर ब्लॉक केलायस. आत्याला फोन लावला की ती नुसतं 'हं' म्हणते आणि ठेवून देते. तेव्हा हे पेनानं लिहिणं आलं. जहांगीरभाई तुमच्या दरडींच्या सर्व्हेची जीप घेऊन रोज सकाळी महाडहून पोलादपूरला येतात, त्यांच्या हाती पाकीट देतोय. त्यांनी ते खिशात घातलं आणि एवढंच विचारलं, "लॅपटॉप झाला का दुरुस्त?" म्हणजे ऑफिसात तू सांगितलेलं दिसतंय, की लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला दिलाय. आणखी काय काय सांगितलंयस, ते तुलाच ठाऊक.

बायका रुसून माहेरी जातात, हे ऐकून होतो. नवऱ्याच्याच आत्याकडे जाऊन बसलेली मी बघितलेली पहिली बाई तू. बनुआत्यानं मला अंगाखांद्यावर खेळवलं. आता ती पोलादपूरला तुला नाचणीची भाकरी करून घालते आणि मला 'हं' म्हणते. तिचाही मला रागच आलाय.

मुद्द्याचं सांगतो. तुझा नवा लॅपटॉप चालू होत नाहीये. मी काहीही केलेलं नाही. बटण दाबलं की काळा पडदा येतो, त्यावर 'ग्रब' एवढा एकच इंग्रजी शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. विंडोजही नाही आणि त्या अश्वजितनं घातलेलं लिनक्सही नाही. एका लॅपटॉपात दोन सिस्टीम नांदवायला गेलं की असंच व्हायचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. हा टोमणा आहे, आणि कुणाला आहे ते तुला कळेल.

तू लॅपटॉप आधी माझ्याकडेच आणला होतास, हे मान्य. नकाशांचं काम लिनक्सवर चालतं, सरकारी कागद विंडोजवर लागतात, दोन्ही घालून दे म्हणालीस. मी 'बघतो' म्हटलं आणि तो आठवडाभर दुकानात बिघडलेल्या प्रिंटरांखाली पडून राहिला, हेही मान्य. पण तळ्याकडच्या गल्लीत कोणालाही विचार, कॉम्प्युटर बिघडला तर कुणाकडे जायचं. लोक हर्षदचं नाव घेतील. आणि हर्षदच्या बायकोचा लॅपटॉप उघडणार कोण, तर पुण्याहून दरडी मोजायला आलेला इंजिनिअर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबणारच.

वर त्याचं ते नाव. लिनक्सच्या बाजूला गेलं की पहिल्याच पडद्यावर येतं, अश्वजित. खाली पासवर्डची चौकट. तू म्हणालीस, त्यानं घाईत स्वतःचं नाव टाकलं, नंतर बदलू. नंतर म्हणजे कधी? महिना झाला, माझी बायको रोज सकाळी कामाला बसली की आधी त्याचं नाव बघते.

तरी मी गप्प होतो. मग विंडोजच्या बाजूला तो फोटो सापडला. लॅपटॉपच्याच कॅमेऱ्यानं काढलेला. ऑफिसची खोली, खिडक्या बंद, ट्यूब लागलेली. तुझ्या कानांना मफलर, तोही माझा. तुझ्या हातात चहाचा ग्लास, त्याच्या हातात चहाचा ग्लास. तू डोळे मिटून हसतेयस आणि तो तुझ्याकडे बघतोय. अशा फोटोच्या नावातच वेळ लिहिलेली असते. एक वाजून चाळीस मिनिटं. दुपारचं म्हणावं तर कॉम्प्युटर दुपारचे तेरा लिहितो. म्हणजे रात्रीचे. आणि त्या रात्री आत्याकडे झोपले म्हणून तू सांगितलं होतंस.

तू म्हणालीस, "हा सकाळी सातनंतरचा आहे, जीप निघायच्या आधीचा. आत्यांना विचारा हवं तर." विचारा. लग्न झाल्यापासून घरात मला तू कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हतीस. आणि आत्याला काय विचारायचं? ती आठला आडवी होते. उशाशी ढोल वाजवला तरी तिला जाग येत नाही, तू कधी आलीस आणि कधी गेलीस हे ती काय सांगणार? माणूस खोटं बोलतो. मशीनला खोटं बोलून काय मिळायचंय? हातच्या कांकणाला आरसा कशाला.

लॅपटॉप हवा असेल तर स्वतः येऊन घेऊन जा.

हर्षद

•

महाड, १४ जानेवारी

अनु,

आज आत्याचा फोन आला. आपणहून.

"काय रे हर्षद्या, चिठ्ठ्या कसल्या लिवतोस? ती वाचते नि घडी घालून ठेवते. बोलत काय नाय."

"वाचते ना पण?"

"वाचते. तुज्या चिठ्ठीचं नाय पडलेलं तिला. त्या डब्याचं काय झालं ते सांग. तिचं समदं काम त्या डब्यात हाय म्हनं. दोन दिस झाले, पोरगी धड जेवत नाय."

"आत्या, एक विचारू?"

"विचार की."

मी विचारलं नाही. त्या रात्री तुझ्या घरात अनु होती का, एवढंच विचारायचं होतं. आत्या नाही म्हणाली असती तर मेलोच होतो. हो म्हणाली असती तरी मी म्हटलं असतं, तुला काय कळतंय, तू झोपलेली. मग विचारून उपयोग काय. मी "संक्रांतीचा नमस्कार" म्हटलं. ती म्हणाली, "नमस्कार नको, डबा धाड. नि तू येऊ नको. ती म्हणंल तवा ये." आणि ठेवला.

दुपारी तो आला. अश्वजित. दुकानाच्या पायरीवर चपला काढून आला, जसं काही देवळातच शिरतोय. मी तोंड उघडायच्या आत "तिळगूळ घ्या दादा" म्हणून हातावर लाडू ठेवला. आता तोंडात तिळगूळ असताना माणसाला शिव्या कशा द्यायच्या? चावत बसलो. लाडू चांगला होता, त्याचाही राग आला.

त्यानं विचारलं, पडद्यावर काय येतं? मी सांगितलं.

"दादा, लिनक्सचा भाग कोणी काढून टाकलाय का?"

"विंडोजच्या अपडेटनं गेला असेल."

"अपडेट असं करत नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "त्या भागात मॅडमचं सगळं काम आहे. आंबेनळी घाटाच्या अंगाच्या सगळ्या वाड्या. कुठल्या घरामागे जमिनीला भेग पडलीय, किती रुंद आहे, फोटो, मोजमापं. वरती रेंज नसते, त्यामुळे डिसेंबरचं काहीच दुसरीकडे ठेवलेलं नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत नकाशे लावायचेत. पावसाळ्याआधी कुणी हलायचं ते लोक त्यावरून ठरवणार."

मी हाताला लागलेले तीळ झटकत बसलो.

"आम्ही थांबलो होतो," तो म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, हर्षदच्या हातात आहे, मग काळजी नाही."

अनु, असं तू खरंच म्हणालीस? तेही घर सोडून गेल्यावर?

पहिल्या पत्रात मी लिहिलं, मी काहीही केलेलं नाही. ते खोटं आहे. तू पिशवी उचलून गेलीस त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. विंडोजमधून डिस्क बघितली. एका भागाला नाव नव्हतं, विंडोजला तो ओळखीचाच नव्हता. मला होता. उजवं बटण दाबलं, काढून टाका म्हटलं. 'नक्की का?' असं मशीननं विचारलं. नक्की, म्हटलं. मला त्याचं नाव पुसायचं होतं. तुझं काम त्याच्या नावाखाली ठेवलेलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. मग लॅपटॉप बंद करून चालू केला आणि तो ग्रब दारात उभा. ग्रब म्हणजे आत कोणाला सोडायचं ते विचारणारा दरवान. मी त्याचीच खोली पाडली, आता तो कोणालाच आत सोडत नाही. मलाही नाही.

जाताना अश्वजित म्हणाला, "दादा, एकच करा. डिस्कवर नवीन काही घालू नका. पुसलं म्हणजे फक्त पाटी काढलेली असते, घर आत तसंच असतं. वर काही बांधलं नाही तर परत सापडतं. बोलवा, मी येतो."

मी बघतो, म्हटलं. हो, पुन्हा 'बघतो'च म्हटलं.

हर्षद

•

महाड, १७ जानेवारी

अनु,

त्याला बोलावलेलं नाही. माझं मीच करतोय. दुकान अर्धं बंद आहे. लोक येतात, प्रिंटर ठेवून जातात, मी मान वर करत नाही.

थोडं जमलंय. लॅपटॉप चालू होताना एक बटण दाबून धरलं की ग्रबला बाजूला सारून सरळ विंडोजकडे जाता येतं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण डोक्यात राख घातली की असलं काही सुचत नाही. सुचेपर्यंत मी आतल्या दोन सेटिंग चालू-बंद करून बघितल्या होत्या. त्यामुळे आता विंडोजला संशय आलाय. मशीनमध्ये कोणी हात घातला म्हणतो, आणि कुलूप उघडायला अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो. किल्ली तुझ्या खात्यात आहे.

विंडोजला संशय आला तर किल्लीची सोय असते, हे मला आजच कळलं.

आकडे पाठव. मला द्यायचे नसतील तर अश्वजितला दे. नको, त्याला नको देऊस. मलाच दे.

ह.

•

महाड, २० जानेवारी

अनु,

तुझी चिठ्ठी शनिवारी संध्याकाळीच मिळाली. जहांगीरभाईंनी गाडी बंदही केली नाही, खिडकीतूनच दिली. म्हणाले, "ताईनं दिलंय. बोलली काय नाय."

आकडे आणि फक्त आकडे. वर नाव नाही, खाली सही नाही. मी ती चिठ्ठी उलटी करून बघितली, उजेडासमोर धरून बघितली. सहा-सहा आकड्यांचे गट पाडलेत, प्रत्येक गटामध्ये जागा सोडलीय, म्हणजे मला टाईप करायला सोपं जावं. रागावलेलं माणूस एवढं करतं का? की तू कुणालाही असंच लिहून दिलं असतंस? एका सातावर पेन अडकलंय, तिथे शाई सांडलीय. मी त्या सातावरून बराच वेळ काही ना काही ठरवत बसलो होतो. असा झालोय मी.

काल शेवटी त्याला फोन केला. आज सकाळी आला. येताना पेन ड्राइव्ह घेऊन आला, त्यात पुसलेले भाग शोधणारा प्रोग्राम होता. कीबोर्ड मी त्याला दिला नाही. तो शेजारी स्टुलावर बसून सांगत होता आणि मी टाईप करत होतो. दोनदा चुकलो, त्यानं 'असू दे' म्हटलं. तो 'मूर्ख आहात' म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

आणि सापडलं, अनु. सगळं सापडलं. पाटी होती तिथे परत लागली आणि ग्रब ताळ्यावर आला. त्याच्या यादीत वर लिनक्स, खाली विंडोज. पूर्वी मला तेही खुपायचं, तो वर आणि मी खाली. लिनक्स उघडलं, त्याचं नाव आलं, त्यानं पासवर्ड टाकला. आत तुझी वाडीवार नावं एकाखाली एक. एक फाइल उघडून बघितली. कुणाच्या तरी गोठ्याची भिंत, भेगेत घातलेली पट्टी, आणि पट्टी धरलेला तुझा हात. बांगडीवरून ओळखला. तीन महिने तू डोंगर चढतेस हे मला माहीत होतं. काय करतेस, हे मी कधी बघितलं नव्हतं.

पुढचं आहे ते मुख्य. नीट वाच.

आता विंडोज बघू, म्हणून लॅपटॉप परत चालू केला. तुझे आकडे टाकले, विंडोज उघडलं. दुकानातल्या भिंतीवर दुपारचे साडेबारा. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सकाळचे सात. मी म्हटलं, "आतला सेल गेला वाटतं. नव्या मशीनचा सेल जातोच कसा? हा कंपनीचा फॉल्ट आहे."

यावर तो हसला. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. हसू आवरून म्हणाला, "सेल नाही, दादा. मशीनच्या आत घड्याळ एकच असतं. लिनक्स त्यात लंडनची वेळ लिहून ठेवतं, आणि दाखवताना साडेपाच तास मिळवून आपली वेळ दाखवतं. विंडोजला हे माहीतच नाही. आत लिहिलेली वेळ त्याला आपलीच वाटते, म्हणून तो साडेपाच तास मागे राहतो. नेट मिळालं की सुधारतो. आमच्या ऑफिसात नेट कुठलं? डिसेंबरभर विंडोज असंच मागे चाललं होतं. कमांडची एक ओळ टाकायची होती, ती राहूनच गेली."

"डिसेंबरभर?" मी विचारलं.

"हो. का?"

काही नाही, म्हटलं. चहा मागवला. तो चहा पीत होता आणि मी मनात बेरीज करत होतो. एक चाळीस आणि साडेपाच तास. तुला करून दाखवायला नको. तू तर त्याच दिवशी सांगितलं होतंस.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, कॉम्प्युटर तेच बोलतो जे त्याला सांगितलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणालं की मशीन खोटं दाखवतंय, तर मी आधी घड्याळ बघतो. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप असता तर मी आधी घड्याळच बघितलं असतं. कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं दिसतं, त्याला तारखा-वेळा कशा दिसणार?

तो गेल्यावर फोटो पुन्हा उघडला. शंभर वेळा तरी बघितला असेन. या वेळी टेबलाच्या कडेला तिसरा ग्लास दिसला, आणि फोटोच्या काठाला एक खाकी बाही. जहांगीरभाईंची. दारू पिऊन बघितला असता तरी तो ग्लास दिसायला हवा होता. मी शुद्धीत होतो आणि दिसला नाही.

आत्याला मी अजूनही विचारलेलं नाही आणि आता विचारणार नाही. तू सांगितलंस तेव्हा मी मानलं नाही आणि घड्याळानं सांगितलं तेव्हा मानलं. म्हणजे तुझं म्हणणं मी अजून मानलेलंच नाही, मशीनचंच मानलंय. नुसती माफी मागितली तर हे झाकून जाईल, म्हणून आधी हे लिहिलं. आता माफी मागतो. चुकलो, अनु.

ती ओळ टाकली. आता दोन्हीकडे वेळ एकच दिसते. तुझं डिसेंबरचं सगळं काम वेगळ्या पेन ड्राइव्हवरही घेतलंय, तो बॅगच्या पुढच्या कप्प्यात आहे. लिनक्सवर त्याचं नाव आहे तसंच ठेवलंय. मला एका मिनिटात बदलता आलं असतं. लॅपटॉप तुझा आहे, नाव तू ठरव. फोटोही पुसलेला नाही.

पण एक गोष्ट त्या ओळीनं सुधारली नाही. मला वाटलं होतं, रात्रीचे एक चाळीस खोटे ठरले की पोटातली आग विझेल. नाही विझली. सकाळचे सात दहा, बाहेर कडाक्याची थंडी, तिघं चहा पिताय आणि तू डोळे मिटून हसतेयस. सात दहाला मी घरी काय करत असतो? पांघरुणातून ओरडत असतो, अनु, चहा झाला का. त्या तुझ्या हसण्याचा मला हेवा वाटतो. रात्रीचा संशय सोपा होता. त्यात चूक तुझी होती.

तशी हसताना मी तुला शेवटचं कधी बघितलं, ते आठवत बसलो. पुराच्या वर्षी. दुकानात छातीएवढं पाणी येऊन गेलं होतं आणि आपण दोघं गुडघाभर चिखलातून मशीनं बाहेर काढत होतो. मी तो मोठा प्रिंटर उघडला आणि कागदाच्या ट्रेमधून जिवंत खेकडा निघाला. तू चिखलातच बसलीस हसून हसून. सगळं वाहून गेलं होतं आणि मला वाटलं, काही गेलेलं नाही. त्यानंतर दुकान उभं राहिलं, नवीन मशीनं आली. तू तशी हसली नाहीस. किंवा हसली असशील, मी मान वर केली नसेन.

हे पत्र आणि लॅपटॉप अश्वजितच्याच हाती पाठवतोय. जहांगीरभाई सकाळी आले असते, पण तुला आजच मिळायला हवं. ग्रामसभेला दिवस थोडे राहिलेत. तो खाली मोटारसायकल सुरू करून उभा आहे. या पत्रात त्याच्याबद्दल काय काय लिहिलंय ते तू वाचलंच आहेस. दुकानात डिंक संपलाय, पाकीट उघडंच आहे. आणायला कोपऱ्यावर जाता आलं असतं, गेलो नाही. तो ते वाचणार नाही, याची मला खात्री आहे. त्याचं मला सगळ्यांत जास्त खुपतं ते हेच.

हर्षद

•

पोलादपूर, २२ जानेवारी

हर्षद,

लॅपटॉप मिळाला. सगळं आहे. काल एका वाडीचा नकाशा पुरा झाला, बाकीचे सव्वीसच्या आत होतील.

पाकीट उघडं आलं. त्यानं वाचलेलं नाही. मी वाचलं. आत्यांनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "डोकं ठिकान्यावर येतंय, पन सावकाश." मी अजून काही म्हटलेलं नाही. मला वेळ लागेल. साडेपाच तासांचं गणित सुटलं म्हणून मी पिशवी उचलून परत येणार नाही, हे तुला कळलं असेल. तू स्वतःच तसं लिहिलंयस, म्हणून मी ही चिठ्ठी लिहितेय.

लिनक्सवरचं नाव बदललं. त्याचं काढलं. तुझंही घातलेलं नाही. माझं घातलं.

एवढ्या पत्रांत तू सगळं विचारलंस. फोटो कुठला, वेळ कुठली, मफलर कुणाचा. मी कशाला हसत होते, हे एकदाही विचारलं नाहीस.

त्या सकाळी अश्वजितनं कॅमेरा चालतो का बघायला तो उघडला होता. लॅपटॉप अडकत होता, तेव्हा मी तुझ्या आवाजात म्हटलं, "हा कंपनीचा फॉल्ट आहे." ते दोघं विचारायला लागले, हे कोण असं म्हणतं? मग मी सांगितलं, की पुराच्या वर्षी प्रिंटरमधून खेकडा निघाला तेव्हाही तू कमरेवर हात ठेवून त्या खेकड्याकडे बघून हेच म्हणाला होतास. हे तू पत्रात लिहिलं नाहीस, विसरलास बहुतेक. मला तेवढंच आठवतं.

जहांगीरभाईंना ती गोष्ट अजून खरी वाटत नाही. प्रिंटरात खेकडा मावेलच कसा, म्हणतात. शनिवारी जीप सातनंतर आत्यांच्या दारावरून निघेल. त्याआधी येऊन तू सांग त्यांना. चहा तू करायचास. दूध आत्या काढून ठेवतील.

अनु